टपालाची वर्गवारी शहराबाहेर गेली : महाड-पोलादपूरच्या दुकानदाराने काय पाहावे?

दुकान मिटवायची वेळ झाली की आपले बरेचसे व्यापारी बांधव दिवसभर बाजूला ठेवलेली पाकिटे हाती घेतात. कोणाचे मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याला कागद पाठवायचे असतात, कोणाला वकिलाची नोटीस रवाना करायची असते, कोणाला मालाचे नमुन्याचे पुडके. पाकीट टपालात पडले, पावती खिशात गेली की आपले काम झाले असे आपण समजतो. पुढे ते पाकीट कोठे जाते, कोणत्या गाडीत चढते, कोठे उतरते याची चौकशी आपण करीत नाही. पाच दिवस उशीर झाला म्हणजे मात्र पोस्टमनवर राग काढतो. त्या बिचाऱ्याचा त्यात काडीचाही दोष नसतो.

जगातील बहुतेक मोठ्या शहरांतून टपालाचे मूळ काम, म्हणजे वर्गवारीचे काम, गेल्या काही दशकांत शहराच्या मध्यभागातून उठून बाहेरच्या पट्ट्यात गेले आहे. आपल्या बोलीत त्याला सॉर्टिंग म्हणतात. मुंबईसारख्या शहराशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे, पण जे शहरापासून पावणेदोनशे किलोमीटर आत राहतात, अशा महाड आणि पोलादपूरच्या व्यापाऱ्यांवर याचा काय परिणाम होतो याचा थोडा अभ्यास या आठवड्यात करू या.

घुमटाखालचे टपाल

मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. जॉन बेग या वास्तुविशारदाने त्याचा आराखडा केला आणि १९१३ मध्ये ती इमारत पूर्ण झाली. विजापूरचा गोलघुमट, म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर, डोळ्यांसमोर ठेवून तिचा घुमट बांधला गेला. आदिलशाहीच्या कारागिरांची नक्कल इंग्रजांना करावीशी वाटली याचे आम्हाला नेहमीच कौतुक वाटते. पण आज आपल्याला त्या घुमटापेक्षा त्याची जागा महत्त्वाची आहे. ही इमारत बोरीबंदर स्टेशनच्या अगदी शेजारी आहे आणि तो काही योगायोग नव्हे. त्या काळी टपाल म्हणजे रेल्वे. पोत्यांत भरलेले टपाल हातगाडीवरून सरळ फलाटावर जाई. रेल्वे मेल सर्व्हिसचे लोक चालत्या गाडीच्या डब्यात उभे राहून पत्रांची वर्गवारी करीत आणि स्टेशन येईल तशी पोती खाली देत. अलाहाबाद-कानपूर मार्गावर १८६३ पासून सुरू झालेली ही पद्धत देशात शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. १९८० च्या दशकात गाडीतली वर्गवारी बंद झाली.

आपल्या भागाचे तेव्हा काय होते? महाडला रेल्वे नव्हती आणि आजही शहरात नाही. सावित्रीच्या खाडीतून दासगाव-बाणकोटकडे जलमार्ग होता. मुंबईहून महाबळेश्वरला जाणारा एक जुना रस्ता नागोठणे, महाड, पोलादपूर असा घाटावर चढत होता. पुढे एस.टी. आली आणि टपालाची पोती एस.टी.च्या टपावरून येऊ लागली. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा तुकडा १९९३ मध्ये सुरू झाला आणि सबंध मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. तरी वीर स्टेशन महाड शहरापासून दूरच. म्हणून आपल्या पाकिटाचा खरा सोबती रस्ता होता आणि आहे.

मग काम बाहेर का गेले?

याची कारणे समजून घेतली तर पुढचा सारा हिशेब सोपा होतो. पहिले कारण पत्राचा आकार. पूर्वी टपाल म्हणजे कार्ड, अंतर्देशीय, पाकीट. चार मजली जुन्या इमारतीत जिन्याने, लिफ्टने पोती वर नेता येत. आज खाजगी पत्र जवळजवळ संपले आणि पार्सल वाढले. डेन्मार्कच्या टपाल खात्याने तर २०२५ च्या अखेरीस पत्रवाटपच बंद केले. पार्सलाला लांबलचक एकमजली शेड लागते, एका बाजूने ट्रक रिकामा होतो, पट्ट्यावरून माल सरकतो, दुसऱ्या बाजूने ट्रक भरतो. बोरीबंदरजवळ अशी शेड कोण बांधणार? जागेचा भाव ऐकूनच चक्कर येईल.

दुसरे कारण ट्रक. दक्षिण मुंबईत अवजड वाहनांना दिवसा बंदी असते. ज्या कामात प्रत्येक तास मोजायचा, त्या कामाची गाडी रात्रीची वाट पाहत चुनाभट्टीला उभी राहिली तर काय उपयोग? तिसरे कारण विमान. १९८६ च्या ऑगस्टमध्ये स्पीड पोस्ट सुरू झाले आणि दूरचे टपाल विमानतळाकडे वळले. स्टेशनाशेजारी असण्याचे महत्त्व त्याच दिवशी अर्धे झाले. चौथे कारण यंत्र. भारतात पत्रांची स्वयंचलित वर्गवारी करणारे पहिले यंत्र १९९३ मध्ये मुंबईतच बसले. असे यंत्र महाग असते, ते चालवायचे तर चार ठिकाणचे टपाल एका ठिकाणी आणावे लागते. म्हणजे छोटी केंद्रे कमी आणि मोठी केंद्रे मोजकी. याला आता सगळे ‘हब’ म्हणतात.

न्यूयॉर्कमध्ये पेन स्टेशनच्या समोर, रेल्वे रुळांच्या डोक्यावर, फार्ली नावाची टपालाची अवाढव्य इमारत होती. वर्गवारी तेथून हलली आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याच इमारतीत रेल्वे प्रवाशांसाठी मोठे दालन सुरू झाले. शिकागोचे जुने मुख्य टपाल कार्यालय १९९६ मध्ये रिकामे झाले. लंडनमध्ये टपालासाठी जमिनीखालून चालणारी खास रेल्वे २००३ मध्ये बंद पडली, आणि ब्रिटनच्या रॉयल मेलने पार्सलांची नवी महाकाय केंद्रे वॉरिंग्टन व डॅव्हेंट्री येथे, म्हणजे मोटार-महामार्गांच्या कडेला उभारली.

बाजाराचेही असेच झाले होते

आपल्या जुन्या व्यापाऱ्यांना यात नवीन काही वाटू नये. मुंबईचा घाऊक बाजार त्यांच्या डोळ्यांदेखत हलला. मस्जिद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांतून कांदा-बटाटा, धान्य, मसाला, फळे-भाजीपाला हे सगळे १९८१ ते १९९६ या काळात टप्प्याटप्प्याने नव्या मुंबईत तुर्भे-वाशीला गेले. तेव्हा मुंबईकर व्यापाऱ्यांनी पुष्कळ विरोध केला. महाड-पोलादपूरच्या व्यापाऱ्याला मात्र तो बदल एका अर्थी सोयीचा पडला, कारण वाशी त्याच्या वाटेवर आली. शहर ओलांडून जाण्याचा एक दिवस वाचला. मात्र उधारीची जुनी ओळख, एकाच गल्लीत चार दुकानांतून भाव काढण्याची सवय, जेवणाची आणि नमाजाची ठरलेली जागा हे सारे मागे राहिले. अत्तर, कटलरी, स्टेशनरी, इमिटेशन, शिलाईचे सामान यांसाठी आजही मोहम्मद अली रोड, अब्दुल रहमान स्ट्रीट, मुसाफिरखान्याकडेच पाय वळतात.

दुसरे उदाहरण भिवंडीचे. मोमीन विणकरांचे आणि यंत्रमागांचे हे गाव. त्याच्या आसपास काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या गावांत गोदामांचे रान उठले. त्याचे मोठे कारण जकात. माल मुंबईच्या हद्दीबाहेर ठेवायचा आणि विक्री होईल तसा आत न्यायचा म्हणजे जकातीचे पैसे अडकत नाहीत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे परत शहरात आली नाहीत. उलट वाढली, कारण जीएसटीनंतर प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची गरज कमी झाली आणि कंपन्यांना एकच मोठे गोदाम परवडू लागले. आज ऑनलाइन खरेदीचे जे खोके पोलादपूरच्या गल्लीत येते, त्यातले कित्येक या भिवंडीच्या पट्ट्यातून निघालेले असते. कुरियरवाल्यांची वर्गवारीही तेथेच. टपाल खाते या मार्गाला नंतर लागले, पण मार्ग तोच. २०२० च्या टाळेबंदीत रेल्वे आणि विमाने थांबली तेव्हा खात्याने रस्त्यावरून लांब पल्ल्याच्या स्वतःच्या गाड्या सुरू केल्या, त्यानंतर तर रस्त्याचे महत्त्व आणखीच वाढले.

अमेरिकेत चुकले ते आपण लक्षात ठेवावे

हब शहराबाहेर गेले म्हणजे बाहेरच्यांचा फायदाच झाला असे मानण्याची घाई करू नये. अमेरिकेच्या टपाल खात्याने २०२१ मध्ये दहा वर्षांची योजना आखली आणि लहान गावांतील वर्गवारी काढून मोठ्या प्रादेशिक केंद्रांत नेण्यास सुरुवात केली. व्हर्जिनिया राज्यात रिचमंडजवळ २०२३ मध्ये असे केंद्र सुरू झाले. अटलांटा शहराबाहेर पाल्मेटो येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसरे सुरू झाले. पहिल्याच महिन्यात पाल्मेटोबाहेर ट्रकांच्या रांगा लागल्या आणि त्या भागात वेळेवर पोहोचणाऱ्या पत्रांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली घसरले. औषधे, निवृत्तिवेतनाचे धनादेश, कोर्टाचे कागद अडकले. खासदारांनी आरडाओरड केल्यावर मे २०२४ मध्ये पुढील एकत्रीकरणाची कामे काही महिने थांबवावी लागली.

यातली एक बाब आम्हाला आपल्यासाठी फार बोलकी वाटते. खर्च वाचावा म्हणून त्यांनी असे ठरवले की हबपासून ५० मैलांहून, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरहून दूर असलेल्या टपाल कार्यालयांतून संध्याकाळची गाडी उचलायची नाही. सकाळी टपाल वाटायला जी गाडी येते तीच आदल्या दिवशीचे टपाल परत नेईल. कागदावर ही काटकसर शहाणपणाची दिसते. पण गावातल्या दुकानदाराने सोमवारी दुपारी टाकलेले पाकीट मंगळवारी सकाळपर्यंत जागचे हलत नाही. शहरात राहणाऱ्याचा दिवस वाचला, गावाचा एक दिवस गेला. दर दोघांना सारखाच.

आता आपला नकाशा पाहा. पनवेल ते महाड हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते, पोलादपूर त्याहून वीसएक किलोमीटर पुढे. त्या अमेरिकन रेषेच्या आपण केव्हाच बाहेर आहोत. तो नियम आपल्याकडे लागू नाही. पण अंतराचे गणित सगळीकडे एकच असते : हब जितके दूर, तितके पोते लवकर बंद होते. खिडकी उघडी असते आणि पोते बंद झालेले असते, हा फरक ज्याच्या लक्षात आला त्याचा एक दिवस वाचतो.

आपला रस्ता एकच

हब मुंबईत असो, पनवेलच्या बाजूला असो की भिवंडीत, आपल्याकडे येण्याचा रस्ता वडखळ, कोलाड, माणगाव, लोणेरे असाच आहे. म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग, आताचा क्रमांक ६६. त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून सुरू झाले आणि किती रखडले हे महाडकरांना आम्ही सांगायची गरज नाही. वर्गवारी शहराबाहेर आल्याने मुंबईतल्या गर्दीतले दोनतीन तास वाचतात हे खरे, पण रस्त्याचा जो भाग खरोखर त्रासाचा तो तेवढाच राहतो.

पावसाळ्यात तर त्याहून कठीण. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यानचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, एस.टी.च्या दोन गाड्या त्याबरोबर गेल्या आणि कित्येक घरे उजाड झाली. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. २२ जुलै २०२१ ला महाडची सबंध बाजारपेठ पाण्याखाली गेली, तळिये गाव दरडीखाली गाडले गेले, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. त्या आठवड्यात टपालाचा विचार करायला कोणाला फुरसत नव्हती. पण पुराचे पाणी ओसरल्यावर ज्यांच्या दुकानातील कागद चिखल झाले होते, त्यांना विम्याच्या आणि बँकेच्या कामासाठी प्रत्येक कागदाची दुसरी प्रत बाहेरून मागवावी लागली. ज्यांनी पाठवलेल्या पाकिटांच्या पावत्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते त्यांचे काम सोपे झाले असेल.

पिनकोडाचे पहिले तीन आकडे

आता कामाची गोष्ट. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. टपाल खात्यातील मराठी अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती कल्पना. सहा आकड्यांपैकी पहिले तीन आकडे वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालय. महाड ४०२३०१, पोलादपूर ४०२३०३, माणगाव ४०२१०४, अलिबाग ४०२२०१. म्हणजे ४०२ हे आपले घर. पण याच रायगड जिल्ह्यातले पनवेल ४१०२०६ आणि उरण ४००७०२. एकाच जिल्ह्यात तीन वेगवेगळ्या वर्गवाऱ्या! सरकारचा महसुली जिल्हा आणि टपालाचा जिल्हा एक नव्हे, हे यावरून कळते.

वर्गवारी हाताने होत होती तेव्हा चुकीचा पिन असला तरी जुना सॉर्टर ‘महाड’ हे नाव वाचून पाकीट योग्य खणात टाकी. यंत्र नाव वाचत बसत नाही, ते आकडा पाहते. एक आकडा चुकला की पाकीट दुसऱ्याच गाडीत. म्हणून बिलबुकावर, लेटरहेडवर, पार्सलाच्या लेबलावर पिन ठळक छापून घ्यावा. मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या वहीत आपला पत्ता ‘महाड, जि. रायगड’ एवढाच लिहिलेला असतो. पुढच्या खेपेला गेलात की त्यांच्याकडून तो दुरुस्त करून घ्या. दोन मिनिटांचे काम आहे.

पावतीवरचा क्रमांक टाकून पाकिटाचा प्रवास मोबाइलवर पाहता येतो. बहुतेक लोक फक्त ‘पोहोचले की नाही’ एवढे पाहतात. आमचे म्हणणे असे की सगळ्या ओळी वाचाव्यात. नोंदणी किती वाजता झाली, पोते कधी रवाना झाले, पुढच्या ठिकाणी कधी पोहोचले, तेथे किती तास पडून राहिले. अशी दहाबारा पाकिटांची टिपणे एका वहीत केली की आपल्या गावाहून टपाल कोणत्या केंद्रावरून फिरते आणि वेळ नेमका कोठे जातो हे कोणाला न विचारता कळते. महाडहून पोलादपूरला पाठवलेले पाकीट थेट जाते की आधी उत्तरेला जाऊन परत येते, हेही त्यातच दिसेल. फिरून येत असेल तर तेवढ्या अंतरासाठी एस.टी.चे पार्सल किंवा स्वतः माणूस पाठवणे अधिक बरे.

रजिस्टर्ड गेले, नोटिशीचे काय?

रजिस्टर्ड पोस्ट हा व्यापाऱ्याचा जुना आधार. २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. पूर्वी रजिस्टर्ड पत्र सुमारे २६ रुपयांपासून जात असे. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंतचे स्पीड पोस्ट गावातल्या गावात १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये. त्यावर ‘रजिस्ट्रेशन’ हवे असेल तर ५ रुपये वेगळे, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे बाहेरगावच्या एका नोटिशीला ५२ रुपये आणि कर धरून ६१ रुपये ३६ पैसे. वर्षाला पाचपन्नास कागद पाठवणाऱ्याने हा खर्च हिशेबात धरावा.

‘रजिस्ट्रेशन’ हा शब्द खिडकीवर आठवणीने उच्चारावा, कारण साध्या स्पीड पोस्टात पाकीट पत्त्यावर दिले जाते, रजिस्ट्रेशन असेल तर ते त्या व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाला द्यायचे असते. कोर्टाच्या कामात हा फरक मोलाचा ठरतो.

समजा, बिरवाडीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने ठाण्याच्या गिऱ्हाइकाला जाळ्या करून दिल्या आणि गिऱ्हाइकाचा चेक परत आला. बँकेकडून चेक परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे भरण्यासाठी मिळतात. तेवढ्यात भरले नाहीत तर त्यापुढील एक महिन्यात तक्रार दाखल करायची. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३८ ते हेच. आपला कारागीर काय करतो? भिडस्तपणाने पंचवीस दिवस फोन करीत बसतो. समोरचा ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणत राहतो. सत्ताविसाव्या दिवशी वकील आठवतो आणि त्यात रविवार किंवा अतिवृष्टीची सुट्टी आली की संपले. पैसे आपले, मेहनत आपली, आणि हक्क मात्र टपालाच्या एका पावतीअभावी गेला.

योग्य पत्त्यावर रजिस्टर्ड पाठवलेली नोटीस पोहोचली असे कायदा गृहीत धरतो आणि न पोहोचल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी या खटल्यात स्पष्ट केले आहे. मात्र ‘योग्य पत्ता’ हे शब्द विसरू नका. पत्ता व पिन चुकीचा असेल तर हे गृहीतक आपल्या बाजूने उभे राहत नाही. रजिस्टर्डच्या जागी आता स्पीड पोस्ट आल्याने आपल्या वकिलाला विचारून रजिस्ट्रेशन आणि पोहोच-पावती दोन्ही घ्यावी हे उत्तम.

मालाच्या बाबतीत कायदा आणखी वेगळा आहे. सेल ऑफ गुड्स कायदा १९३० च्या कलम ३९ प्रमाणे, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो सकृद्दर्शनी गिऱ्हाइकालाच दिला असे धरतात. म्हणजे वाटेतली जोखीम कोणाची, हे आधी ठरवून बिलावर छापले नाही तर मागाहून वाद होतो. टपाल खात्याची भरपाईची जबाबदारी मर्यादित असते, हे १८९८ च्या जुन्या कायद्यात होते आणि त्याच्या जागी जून २०२४ पासून अंमलात आलेल्या पोस्ट ऑफिस कायदा २०२३ मध्येही आहे. किमती मालाचा विमा उतरवूनच पाठवावा.

बॅलार्ड इस्टेटची खेप वाचली

वर्गवारी बाहेर गेल्याने आपला एखादा दिवस जातो. पण शहरातले एक काम बाहेर आल्याने आपला निव्वळ फायदा झाला आहे, आणि त्याकडे आपल्या भागात फारसे कोणी पाहत नाही याचे आम्हाला नवल वाटते.

कोकणाला एके काळी ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ म्हणत. मुंबईहून, नंतर आखातातून पैसा येई आणि घरे चालत. आजही महाड, पोलादपूर, माणगावच्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी दुबई, कुवेत, कतारला आहे. म्हणजे परदेशात ओळख आहे, भाषा जाणणारे गिऱ्हाईक आहे. पण येथून माल पाठवायचा तर पूर्वी मुंबईला बॅलार्ड इस्टेटच्या परदेशी टपाल कार्यालयाचा आणि कस्टमचा फेरा आलाच. शिवणकाम, जरीकाम, लाकडी वस्तू, मसाले करणाऱ्या लहान माणसाला ते कधीच जमले नाही. तो माल येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेत कोंबून पाठवी.

डिसेंबर २०२२ पासून कस्टम खात्याच्या नव्या नियमांनुसार टपालाने निर्यातीचे विवरण संगणकावर भरता येते आणि त्यासाठी देशभर ‘डाकघर निर्यात केंद्रे’ सुरू झाली. पार्सल आपल्या जवळच्या केंद्रावर नोंदवायचे, कागद तेथेच भरायचे, कस्टमची तपासणी पुढे परदेशी टपाल कार्यालयात होते, तेथे आपण स्वतः हजर राहण्याची गरज नाही. व्यापारासाठी पाठवायचे तर आयात-निर्यात कोड काढावा लागतो, तो ऑनलाइन मिळतो. जीएसटी नोंदणी असलेल्याने कर न भरता निर्यात करण्यासाठी हमीपत्र दाखल करावे, तुमचा कर-सल्लागार ते वर्षाच्या सुरुवातीला करून देईल. खाद्यपदार्थ, अत्तर आणि द्रवपदार्थ यांवर प्रत्येक देशाचे वेगळे निर्बंध असतात. आधी विचारावे, मग बांधावे. पहिले पार्सल ओळखीच्या घरी, कमी किमतीचे पाठवून किती दिवस आणि किती खर्च लागतो हे पाहावे आणि त्यावरून भाव ठरवावा. अंदाजाने ठरवलेला भाव टपालखर्चातच बुडतो.

राहिला बांधणीचा प्रश्न. मोठ्या केंद्रात पार्सल पट्ट्यावरून घसरते, एकावर एक पडते, रात्री उघड्या ट्रकशेजारी उभे राहते. गावातल्या गावात चालणारी सुतळीची बांधणी तेथे टिकत नाही. आत प्लॅस्टिकची पिशवी, बाहेर जाड खोके, चारही कडांना टेप, आणि पत्त्याची एक चिठ्ठी आतसुद्धा ठेवावी, वरचे लेबल भिजून गेले तर आतल्या चिठ्ठीवरून तरी माल परत येतो. जूनच्या आधी एकदा आपल्या टपाल कार्यालयात जाऊन पोस्टमास्तरांना सरळ विचारावे : साहेब, खिडकी किती वाजता मिटते ते नको, शेवटचे पोते किती वाजता बंद होते ते सांगा, शनिवारी किती वाजता, आणि रस्ता बंद असला तर कोणत्या बाजूने जाते. ती वेळ गल्ल्याच्या मागे, कॅलेंडरच्या शेजारी लिहून लावावी.